इतिहासाचार्य कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

वळसंगासारख्या जुन्या गांवांत अशीं घरें अजून सांपडतात कीं, ज्यांच्या माळ्यावर एखादें कापडी बोचकें वर्षानुवर्षें धूळ खात पडलेलें असतें. दिवाळीच्या झाडलोटींत तें खालीं येतें. गांठ सोडावी तों आंतून पिवळे पडलेले, कडा कुरतडलेले, मोडी अक्षरांनीं भरलेले कागद निघतात. कोणी म्हणतो, हे वतनाचे असतील. कोणी म्हणतो, देण्याघेण्याचे असतील. आजोबांस सारें ठाऊक होतें. पण आजोबा आतां नाहींत. बोचक्यावर चिठ्ठी नाहीं, आंत यादी नाहीं. शेवटीं गांठ पुन्हां बांधली जाते आणि बोचकें माळ्यावर तरी जातें, नाहीं तर रद्दीवाल्याच्या तराजूंत तरी पडतें. कागद शाबूत आहेत. परंतु ते कोणीं, कोणास, केव्हां व कशासाठीं लिहिले हें सांगणारा एक चिटोरा त्यांच्यासोबत नाहीं, एवढ्याचसाठीं ते मुके झाले.

अशा मुक्या कागदांस वाचा देण्यांत ज्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या पुरुषाचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. महाराष्ट्र त्यांस इतिहासाचार्य म्हणून ओळखतो.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजीं कोंकणांतील वरसई या गांवीं झाला. हें गांव त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत आहे. वडील लहानपणींच वारले आणि पोरकेपणाचे चटके विश्वनाथास फार लौकर बसले. ज्येष्ठ बंधु वैजनाथराव हे पुढें संस्कृताचे मोठे पंडित म्हणून नांवारूपास आले. विश्वनाथाचें शिक्षण पुण्यास झालें; मध्यें मध्यें खंड पडत पडत १८९० च्या सुमारास डेक्कन कॉलेजांतून ते बी. ए. झाले. वर्गांत नेमलेल्या पुस्तकांत त्यांचें मन कधींच रमलें नाहीं. परीक्षेपुरतें वाचावें आणि बाकीचा वेळ कॉलेजच्या ग्रंथालयांत आपल्या आवडीच्या विषयांत घालवावा, असा त्यांचा क्रम होता. शाळा व कॉलेज यांतील आपल्या अनुभवांवर त्यांनीं पुढें एक प्रदीर्घ लेख लिहिला आणि त्यांत तत्कालीन शिक्षणपद्धतीवर कडक टीका केली. आमच्या विद्यार्थ्यांनीं मात्र त्यांतून अभ्यास टाळण्याची सवलत काढूं नये. कारण नेमलेलें पुस्तक टाकून राजवाडे झोंपले नाहींत, त्याहून कठीण पुस्तक घेऊन बसले.

शिक्षण संपल्यावर कांहीं काळ त्यांनीं पुण्यांत शिक्षकाचें काम केलें. संसार मांडला तो फार दिवस टिकला नाहीं. पत्नी अकालीं वारली, आणि ऐन तारुण्यांत एकटे पडलेल्या राजवाड्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. १८९४ सालीं त्यांनीं ‘भाषांतर’ नांवाचें मासिक काढलें. जगांतील थोर ग्रंथ मराठींत यावेत, हा त्याचा हेतु. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या राज्यविषयक ग्रंथाचें भाषांतर त्यांनीं स्वतः केलें. आपण लिहावयाचें तें मराठींतच, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत सुटला नाहीं. इंग्रजींत लिहिले असते तर देशोदेशींच्या पंडितांत त्यांचें नांव गाजलें असतें, असें त्यांचे चाहते म्हणत. राजवाड्यांस त्याची खंत नव्हती.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यास वळण लागलें. वाई येथें त्यांस पेशवाईंतील जुन्या पत्रांचा एक मोठा संग्रह पाहावयास मिळाला. ही पत्रें १७५० नंतरच्या दशकांतील, म्हणजे पानिपतच्या संग्रामाकडे जाणाऱ्या दिवसांतील होतीं. तोंपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हटला म्हणजे ग्रँट डफ या साहेबानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ आणि कांहीं बखरी, एवढ्यावरच लोकांची भिस्त होती. राजवाड्यांनीं ही अस्सल पत्रें हातीं घेतलीं आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेंत त्यांनीं बखरी व डफ यांचीं विधानें या पत्रांशीं ताडून पाहिलीं आणि त्यांतील चुका उघड केल्या. पुढें या मालेचे एकूण बावीस खंड निघाले.

आतां येथें एक प्रश्न उभा राहतो. जुनीं पत्रें मिळवावीं, मोडीचें बाळबोध करावें व छापावें, यांत एवढें मोठें तें काय? कोणीही चांगला मोडी वाचणारा कारकून हें करूं शकेल. परंतु आमच्या मतें राजवाड्यांचें मोठेपण पत्र छापण्यांत जितकें आहे, तितकेंच पत्राच्या माथ्यावर व पायथ्याशीं त्यांनीं जें चार शब्दांचें टिपण जोडलें त्यांत आहे. हें समजण्यासाठीं जुन्या पत्रांची रीत थोडी पाहिली पाहिजे.

पेशवाईंतील कागद एकेकटे ठेवीत नसत. घड्या घालून, एकावर एक दाबून, मोठ्या चौकोनी कापडांत ते आवळून बांधीत. या गठ्ठ्यास रुमाल म्हणत. थोड्या जागेंत पुष्कळ कागद राहावे, वाळवी व ओल यांपासून जपावे आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतां यावे, असा त्यांतील हिशेब. आंत काय आहे हें कळण्यासाठीं कारकून रुमालास एक चिठ्ठी लावून ठेवी. पत्र आलें म्हणजे तें कोणत्या दिवशीं पोंचलें याची नोंद त्यावरच करण्याची वहिवाट होती. तिला पैवस्ती म्हणत, आणि लिहितांना नुसतें ‘पै’ हें अक्षर घालून पुढें दिवस लिहीत. ही नोंद पत्र लिहिणाराची नव्हे. ती पत्राबाहेरची, पत्राविषयींची माहिती. परंतु पत्र वाटेंत किती दिवस होतें, बातमी धन्यास केव्हां समजली आणि म्हणून त्यानें कोणता हुकूम केव्हां केला असेल, हें त्या एका ओळीवरून कळतें.

पुढें राज्य गेलें, दफ्तरदार गेले, वाडे पडले, वांटण्या झाल्या. रुमाल सुटले आणि ज्याच्या हातीं जे कागद लागले ते त्यानें आपल्या सोयीनें पुन्हां बांधले. पुन्हां बांधतांना कागद सांभाळले, पण चिठ्ठी पडली ती पडलीच. राजवाड्यांच्या हातीं आलेल्या संग्रहांची बहुधा हीच अवस्था असे.

त्यांत कालगणनेचा गुंता निराळाच. त्या वेळच्या सरकारी पत्रांत दिवस चांद्र महिन्याचा, महिना मुसलमानी आणि वर्ष सुहूर सनाचें असे. दिवसापूर्वीं ‘छ’ हें अक्षर घालीत, त्याचा अर्थ चंद्र. वर्ष आंकड्यांत न लिहितां आरबी शब्दांत लिहीत, व तेंही आधीं एकं, मग दहं, मग शतक अशा उलट्या क्रमानें. उदाहरणार्थ, इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार; हे चार शब्द ओळीनें आले म्हणजे सुहूर सन ११६१ समजावें. हें वर्ष सूर्य मृग नक्षत्रास येतो त्या सुमारास सुरू होई. वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्रास या आंकड्यांत ५९९ मिळवावे व पुढील महिन्यांच्या पत्रास ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. यावरून ११६१ हें वर्ष १७६० च्या उन्हाळ्यापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंतचें ठरतें. पानिपतचा घोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, तो याच वर्षांत.

हें झालें वर्ष लिहिलेलें असेल तेव्हांचें. परंतु घरगुती व घाईच्या पत्रांत वर्ष लिहिण्याची तसदी कोण घेतो? लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच असे. त्यामुळें पत्राखालीं नुसतें ‘छ १० रजब’ एवढेंच आढळतें. रजबची दहावी तारीख प्रत्येक चांद्र वर्षांत एकदां येते, आणि चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान. म्हणून ही तारीख कधीं पावसाळ्यांत तर कधीं हिवाळ्यांत पडते. मग हें पत्र १७५० चें कीं १७६० चें? दहा वर्षांचा फरक पडला तर कर्त्या पुरुषाची आज्ञा त्याच्या मुलाच्या नांवावर जाते, विजयाचें पत्र पराभवाच्या वर्षांत जाऊन बसतें आणि निरपराध्यावर फितुरीचा आळ येतो. इतिहासांत तारीख चुकली म्हणजे न्याय चुकतो, असें आम्हांस वाटतें.

राजवाडे अशा पत्रासमोर बसत. कोणती नदी उतरल्याचा मजकूर आहे, नदीस पाणी किती आहे, पीक उभें आहे कीं कापलें आहे, सरदारांपैकीं कोण जिवंत आहे, कोणाच्या नांवापुढें कैलासवासी लागलें आहे, तिथीबरोबर वार दिला असेल तर तो पंचांगांत कोणत्या वर्षीं जुळतो, हें सारें ते पारखीत. मग पत्रास अनुक्रमांक देत, माथ्यावर निश्चित केलेली तारीख घालीत, आणि एखाद्या व्यक्तीचा वा स्थळाचा उलगडा व्हावयास पाहिजे असेल तेथें खालीं टीप देत. मूळ मजकुरांत स्वतःचा शब्द मिसळावयाचा नाहीं, मजकूर निराळा व टिपण निराळें, ही शिस्त त्यांनीं मराठी संशोधनास लाविली. टिपण चुकलें असें पुढें कोणास आढळलें, तर तेवढेंच दुरुस्त करावें. पत्रास धक्का लागूं नये.

हे कागद मिळविण्यासाठीं त्यांनीं जे कष्ट उपसले ते ऐकून आजच्या मोटारीच्या दिवसांत नवल वाटेल. सरकारी दफ्तर त्या काळीं संशोधकांस सहजासहजीं खुलें नव्हतें. म्हणून राजवाडे गांवोगांव, वाड्यावाड्यांतून, देवळांमठांतून हिंडले. पुष्कळ वेळां पायींच. अंगावर साधे कपडे, स्वयंपाक स्वतःच्या हातचा, गरजा अगदीं थोड्या. घरधनी संशयानें पाहत. कागद दाखविले तर इनाम जाईल, वतनाच्या तंट्यास तोंड फुटेल, अशी भीति लोकांच्या मनांत असे. एका वेळीं नाहीं म्हटलें तर राजवाडे दुसऱ्या वेळीं जात. कागद देण्यास नकार मिळावा, आणि तेच कागद पुढें वाण्याच्या पुड्यांस गेल्याचें कानीं यावें, अशा वेळीं त्यांचा संताप अनावर होई. कारण एकदां गेलेला कागद दुसरा मिळत नाहीं.

एकट्यानें हें काम आटोपणारें नाहीं हें ओळखून ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्यानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ही संस्था आजही पुण्यांत उभी असून तेथें हजारों जुने कागद जतन केलेले आहेत. राजवाडे स्वतः मात्र एका संस्थेंत फार काळ रमणारे नव्हते. मतभेद झाले आणि पुढें ते मंडळापासून दूर झाले. तरी त्यांनीं लाविलेलें रोप वाढलें. पेशवे दफ्तर अखेर संशोधकांस खुलें झालें, आणि १९२९ पासून १९३४ पर्यंत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. तें पाहण्यास राजवाडे हयात नव्हते. पण रुमाल सोडून, वाचून, तारीख घालून व टीप देऊन लोकांपुढें मांडण्याची वाट त्यांनींच पाडिली होती.

राजवाड्यांची बुद्धि केवळ पेशवाईच्या कागदांत अडकून पडली नाहीं. शहाजी राजांच्या दरबारींचा कवि जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ आणि उत्तर कोंकणाची ‘महिकावतीची बखर’ हे ग्रंथ त्यांनीं विवेचक प्रस्तावना जोडून प्रसिद्ध केले. मराठी शब्दांच्या व्युत्पत्ति, धातु, व्याकरण, विवाहसंस्थेचा इतिहास अशा नाना विषयांवर त्यांनीं लिहिलें. सारेच निष्कर्ष टिकले असें नाहीं. कित्येक व्युत्पत्ति ओढूनताणून लाविल्यासारख्या वाटतात आणि जातिवर्णांविषयींचीं त्यांचीं कांहीं मतें आज कोणास मान्य होणार नाहींत. स्वभावानें ते तापट होते. बोलणें रोखठोक आणि पुष्कळदां बोंचणारें. चरित्र लिहितांना गुण तेवढे सांगावे व दोष झांकावे, हें स्वतः राजवाड्यांसच रुचलें नसतें.

त्यांच्या हातून झालेली एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं, कारण तिचा आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे. बीडजवळील पाटांगण येथें त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथ महाराजांनीं पाठशुद्धि करण्यापूर्वींचा पाठ तींत आहे असा त्यांचा निर्णय होता. १९०९ सालीं त्यांनीं तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचें व्याकरणही लिहिलें. परंतु मूळ पोथी पुढें अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाहीं. पोथीचा कागद कसा होता, शाई कोणती होती, अक्षराचें वळण कोणत्या शतकाचें होतें, हें दुसऱ्या कोणासही तपासतां आलें नाहीं. त्यामुळें छापील पाठ हातांत असूनही त्याच्या प्राचीनतेविषयीं पंडितांत वाद राहिला. ज्या पुरुषानें हजारों पत्रांच्या माथ्यावर काळजीनें तारखा घातल्या, त्याच्याच एका प्रिय ग्रंथाची ओळख पटविणारा पुरावा हरवावा, ही मोठी चुटपुट लावणारी गोष्ट आहे. थोरांच्या चुकांपासूनही शिकावें तें असें.

आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत राजवाडे धुळ्यास होते. शरीर थकलें तरी शब्दांचें व धातूंचें काम चालूंच होतें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मागें घरदार नाहीं, पैसाअडका नाहीं. होते ते कागद, टिपणें आणि अपुरे कोश. धुळ्याच्या चाहत्यांनीं त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा जतन केला, आणि धातुकोशासारखे त्यांचे ग्रंथ त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाले.

आतां आमचे विद्यार्थी विचारतील कीं, मोडी गेली, रुमाल गेले. आमच्या संगणकाच्या दिवसांत या चरित्राचा उपयोग तो काय? त्यांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, रुमाल गेला नाहीं, त्यानें रूप मात्र बदललें. वर्गाचे निबंध, संमेलनाचीं छायाचित्रें व हिशेबाचे तक्ते तुम्ही एकत्र दाबून एका गठ्ठ्यांत बांधतां व दूर पाठवितां, त्यास झिप म्हणतात. ही बांधणी फिल कॅट्झ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८९ सालीं प्रचारांत आणली. १९६२ त जन्मलेले हे गृहस्थ २००० सालीं वारले. त्यांनींही जुन्या दफ्तरदाराप्रमाणेंच विचार केलेला दिसतो. या गठ्ठ्याच्या अखेरीस आंतील सर्व कागदांची यादी असते. त्या यादींत प्रत्येक कागदापुढें शेरा लिहिण्यास जागा असते, शिवाय आपल्या सोयीची आणखी माहिती भरण्यास एक मोकळा रकाना असतो. आणि सर्वांच्या शेवटीं संबंध गठ्ठ्याविषयीं टिपण ठेवण्यास ६५,५३५ बाइटांपर्यंत जागा असते. आंतला मजकूर दाबलेला असला तरी हें टिपण दाबलेलें नसतें. गांठ न सोडतां तें वाचतां येतें, जशी रुमालाची चिठ्ठी. याच कारणानें, गठ्ठ्यास परवलीचा शब्द लाविला तरी टिपण उघडेंच राहतें. म्हणून गुप्त गोष्ट तेथें लिहूं नये. शिवाय एका यंत्रावर गठ्ठा सोडून दुसऱ्यावर पुन्हां बांधला तर जुनें टिपण बहुधा गळून पडतें. वाडे पडले तेव्हां रुमालांचें झालें तेंच हें. यास्तव महत्त्वाचें टिपण गठ्ठ्याच्या आंतही एका निराळ्या कागदावर लिहून ठेवावें. हें काम पांच मिनिटांचें आहे; परंतु सहसा कोणी करीत नाहीं.

वळसंगांत मराठी बोलणारे आहेत, कानडी बोलणारे आहेत. जवळच अक्कलकोट. तेथील राजघराण्याचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे पारद गांवच्या पाटलाचे पुत्र. त्यांस साताऱ्याच्या शाहू महाराजांनीं आपला पुत्र मानून वाढविलें, हें आज आपणांस ठाऊक आहे तें कोणी तरी जुने कागद जपले व त्यांवर नांव-गांव-काळ लिहून ठेविला म्हणून. आमच्या गांवचा इतिहास मात्र अजून बहुतेक माळ्यावर आहे, आणि नवा इतिहास तुमच्या आईबापांच्या खिशांतील फोनमध्यें आहे. त्यांत शेंकडों छायाचित्रें आहेत. लग्नाचीं, जत्रेचीं, पावसाचीं, आजींच्या शेवटच्या दिवाळीचीं. पन्नास वर्षांनीं तुमचीं नातवंडें तीं उघडतील व विचारतील, ही बाई कोण? त्या वेळीं उत्तर द्यावयास आपण असूं कीं नाहीं कोणास ठाऊक.

म्हणून येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एवढें एकच काम करावें, अशी आमची विनंति आहे. घरांतील सर्वांत वृद्ध माणसापाशीं बसावें, दहा छायाचित्रें किंवा दहा कागद त्यांच्यापुढें ठेवावे आणि प्रत्येकाविषयीं कोण, कोठें, केव्हां व कोणत्या निमित्तानें हें विचारून लिहून घ्यावें. मूळ कागदावर मात्र रेघही ओढूं नये. निराळी चिठ्ठी जोडावी. आणि ज्यानें माहिती सांगितली त्याचें नांव व ज्या दिवशीं लिहिली तो दिवस खालीं घालण्यास विसरूं नये. राजवाड्यांस वंदन करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं.